दंतवैद्य आणि त्यांच्या घरच्यांसाठी गोपनीय व्यसनमुक्ती मदत: शाखेने सुरुवात कुठून करावी?

शाखा_कार्यवाह

नमस्कार. आमची दंतवैद्यांची जिल्हा शाखा आहे. बहुतेक सभासदांचे दवाखाने एकट्याचे. एक किंवा दोन खुर्च्या, एक मदतनीस, आणि हिशेब बघायला घरचंच कुणीतरी. व्यसन आणि मानसिक ताण यांवर सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना गोपनीय मदत मिळावी म्हणून शाखेतर्फे काहीतरी उभं करायचं ठरतंय. व्याख्यान ठेवून हे काम होत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ज्याला गरज असते तो चारचौघांत येऊन बसत नाही.

विचारणा येते ती बहुधा डॉक्टरांकडून येत नाही, वहिनींकडून येते. रोज रात्री पिणं, सकाळी हाताला कंप, दहाच्या अपॉइंटमेंटआधी एक पेग आणि मग हात स्थिर. दुसरा प्रकार दवाखान्यातल्याच औषधांचा. कंबरदुखीसाठी सुरू झालेलं ट्रॅमाडॉल, झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्वचित कुठे नायट्रस ऑक्साइड, म्हणजे गुंगीसाठी हुंगवतात तो वायू. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो: "हे बाहेर कळलं तर कौन्सिल रजिस्ट्रेशन काढेल का?"

फोन घेणाऱ्याने नेमकं काय विचारायचं, काय सांगायचं नाही, गुप्तता कायद्याने किती मिळते, घरच्यांनी काय करावं, आणि दवाखान्यातल्या औषधांचं काय करायचं, यावर जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती. तुमची उत्तरं आम्ही छापून फोनशेजारी ठेवणार आहोत.

---

व्यसनोपचार_ओपीडी

कार्यवाह सर, रजिस्ट्रेशनबद्दल कायद्याचे जाणकार लिहितीलच. मी पहिल्या फोनपुरतं लिहितो, कारण चूक झाली तर जीव तिथे जातो.

फोन घेणाऱ्याने निदान करायचं नाही. काय घेतात, रोज किती, शेवटचं कधी घेतलं, आणि पूर्वी कधी बंद केलं तेव्हा फिट आली होती का किंवा भ्रम झाला होता का, एवढं विचारायचं. "थोडीशी घेतात" हे माप धरू नका. बाटली किती दिवस पुरते ते विचारा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे दहा ग्रॅमचं एक युनिट धरलं तर रोजची सहा युनिटं. ज्याला सकाळी कंप थांबवायला प्यावी लागते, त्याचं शरीर अवलंबून झालेलं आहे. त्याला इच्छाशक्तीवर प्रवचन देऊन उपयोग नाही.

सगळ्यात धोक्याचं वाक्य म्हणजे "उद्यापासून एकदम बंद". घरचे आनंदतात, देवापुढे शपथ होते, आणि पुढच्या दोन दिवसांत फिट येते. शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. १२ ते ४८ तासांत फिट येण्याचा धोका असतो. ४८ ते ९६ तासांत डिलिरियम होऊ शकतो, म्हणजे भिंतीवर किडे दिसणं, वेळ-जागेचं भान जाणं, ताप, नाडी वेगात. शनिवारी रात्री दहाला शेवटचा पेग झाला असेल तर फिटेचा काळ रविवार सकाळ ते सोमवार रात्र, आणि भ्रमाचा सोमवार रात्र ते बुधवार रात्र. सोमवारी दुपारी माणूस जरा बरा दिसला की घरचे निर्धास्त होतात. तेव्हा निर्धास्त होऊ नये. फिट पूर्वी येऊन गेली असेल, वय जास्त असेल, यकृताचा त्रास असेल किंवा घरी रात्रभर जागणारं कुणी नसेल, तर बंद करणं रुग्णालयातच करावं. तिथे पोचेपर्यंत घरच्यांनी जबरदस्तीने बाटली काढून घेऊ नये.

अशक्तपणा आला म्हणून ओळखीच्या नर्सिंग होममध्ये ग्लुकोजचं सलाइन लावण्याची आपल्याकडे सवय आहे. रोज पिणाऱ्याला आधी थायामिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, मग ग्लुकोज. क्रम उलटा झाला तर उरलंसुरलं बी-१ संपून वेर्निके हा मेंदूचा आजार होऊ शकतो: डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो. वेळेत बी-१ मिळालं नाही तर स्मृती कायमची जाते. फोनवर एवढं वाक्य सांगितलं तरी पुष्कळ.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम महिनोन्महिने रोज घेतलेलं असेल तर तेही एकदम थांबवायचं नाही, फिट येते. आठवडा-दोन आठवड्यांना साधारण दहा टक्के, अशा पायऱ्यांनी उतरवतात. बरेचदा आधी डायझेपामसारख्या लांब टिकणाऱ्या औषधावर नेतात. हे स्वतःच्या लेटरहेडवर स्वतःच करू नये. दंतवैद्याला मात्रा माहीत असते, म्हणूनच तो घरी प्रयोग करतो आणि अडकतो.

ट्रॅमाडॉल अफूवर्गातलं असूनही "साधी वेदनाशामक" समजून घेतलं जातं. दिवसाला ४०० मिग्रॅच्या वर गेलं की फिटेचा धोका बराच वाढतो, आणि नैराश्याच्या काही गोळ्या सोबत चालू असतील तर त्याहून कमी मात्रेतही. बंद केल्यावर नाक गळणं, जुलाब, अंगदुखी हा अफूवर्गाचा त्रास होतो, आणि कुणाकुणाला त्याबरोबर घबराट, अंगावर विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, भास असे वेगळे त्रासही होतात. ते पाहून घरचे घाबरतात, म्हणून आधी सांगून ठेवावं. खरा जीवघेणा काळ नंतरचा. दोन-तीन आठवडे बंद राहिल्यावर सहनशक्ती उतरलेली असते आणि परत घसरलेला माणूस जुनीच मात्रा घेतो. डिस्चार्जच्या दिवशी हे रुग्णाला आणि घरच्यांना दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

आता "न सांगता दारू सोडवा" या पुड्यांबद्दल. त्यांत काय असतं ते पाकिटावर कळत नाही. डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास होतो असं औषध) असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळणं, हृदयाची लय बिघडणं, मृत्यू, इथपर्यंत जाऊ शकतं. डायसल्फिराम हे रुग्णाच्या माहितीने, संमतीने, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी आणि यकृत-हृदय तपासून द्यायचं औषध आहे. गोळी थांबवल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आणि दंतवैद्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं की डायसल्फिरामबरोबर मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालत नाही, भ्रम आणि मनोविकृती होते. हिरडी सुजली म्हणून डॉक्टर कपाटातली पट्टी स्वतःच काढून घेतात. नालट्रेक्सोन (अफूवर्गाच्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध) चालू असेल तर ट्रॅमाडॉल किंवा पेंटाझोसिनसारख्या अफूवर्गाच्या वेदनाशामकाने दुखणं थांबत नाही, आणि अफूवर्गाचं औषध बंद करून ७ ते १० दिवस होण्याआधी नालट्रेक्सोन दिलं तर त्रास एकदम उसळतो.

शेवटचा प्रश्न लाजून टाळू नये: "जीव द्यावासा वाटतो का?" सरळ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. गोष्ट उघडकीला आल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत वाईट असतात. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडायचं नाही, दवाखान्याच्या किल्ल्या दुसऱ्याकडे द्यायच्या, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्हीकडे नाव सांगायची सक्ती नाही.

---

कायदा_आणि_दवाखाना

रजिस्ट्रेशनची भीती वाजवीपेक्षा मोठी आहे, आणि तीच माणसाला उपचारापासून लांब ठेवते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या ४१ व्या कलमात नाव काढण्याची कारणं दिली आहेत: चुकीने किंवा माहिती दडवून झालेली नोंदणी, गुन्ह्यात शिक्षा, व्यवसायाला काळिमा फासणारं वर्तन, आचारसंहितेचा भंग. तेही म्हणणं मांडायची संधी देऊनच. आजार असणं किंवा त्यावर उपचार घेणं हे त्या यादीत नाही. आता त्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोग कायदा आला आहे, तेव्हा पुढचे नियम बघत राहा. पण नशेत रुग्णावर काम केलं आणि इजा झाली, तर ते वर्तनाचं प्रकरण होतं. म्हणजे धोका उपचार घेण्यात नाही, न घेता काम चालू ठेवण्यात आहे. वहिनींना हे असंच सांगा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. त्यामुळे २३ वं कलम व्यसनाच्या रुग्णालाही लागू होतं: उपचार करणाऱ्यांनी माहिती गुप्त ठेवली पाहिजे. अपवाद मोजके आहेत. उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला किंवा नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचाराच्या निर्णयात रुग्णाच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) लागेल तेवढं सांगणं, कुणाच्या जिवाला धोका असणं, सार्वजनिक सुरक्षितता, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा किंवा वरिष्ठ न्यायालयाचा आदेश. नामनिर्देशित प्रतिनिधी रुग्ण स्वतः १४ व्या कलमाखाली साध्या कागदावर लिहून नेमू शकतो. नवरा-बायकोत तणाव असेल तर हा कागद आधी करून ठेवलेला बरा, नाहीतर प्रतिनिधी कोण यावरून ॲडमिशनच्या वेळी दारात वाद होतो.

इथे एक मोठी फट आहे आणि तुमच्या शाखेने ती ओळखली पाहिजे. २३ वं कलम उपचार करणाऱ्यांना बांधतं. फोन घेणारा तुमचा स्वयंसेवक उपचार करत नाही, त्यामुळे तो त्या कलमाने बांधला जातो असं धरून चालू नका. म्हणून एक, प्रत्येक स्वयंसेवकाकडून गुप्ततेचं लेखी हमीपत्र घ्या. दोन, मुळात इतकं कमी लिहा की फुटायला काही राहू नये.

फोन शाखाध्यक्षाच्या नंबरवर नको. नवं सिम घ्या, त्याला शाखेचं किंवा "व्यसन" असं काही नाव देऊ नका, कारण फोनवर नाव दाखवणाऱ्या ॲपवर तेच झळकतं आणि घरातल्या दुसऱ्याने उचललं की संपलं. उलट फोन करायचा तर कुठल्या वेळी करायचा ते पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या. फोन घेणारा शेजारच्या जिल्ह्यातला असावा. एकाच गावातले दंतवैद्य एकमेकांचे मित्र असतात तसे स्पर्धकही असतात. नाव न लिहिता आकडा द्या, ०१, ०२ असा. पैसे शाखा देणार असेल तर समुपदेशकाला महिन्याची ठोक रक्कम द्या. प्रत्येक भेटीचे पैसे यूपीआयने गेले की खातेदाराचं नाव खजिनदाराच्या पडद्यावर येतं. वार्षिक अहवालात "किती फोन" एवढंच. छोट्या शाखेत "एका ऑर्थोडॉन्टिस्टला मदत केली" असं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं, कारण गावात ऑर्थोडॉन्टिस्टच दोन असतात.

अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ कलम आहे. सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. ट्रॅमाडॉल २०१८ पासून या कायद्याखाली आहे हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. रुग्णाच्या नावावर खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिली गेली असतील तर मात्र या कलमावर विसंबू नका, आधी वकिलाशी बोला.

विम्याबद्दलही एक सांगतो. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचं बंधन आहे, पण पॉलिसीतल्या प्रमाणित वगळणुकींमध्ये बारावी, "एक्सक्ल १२", ही दारू, अमली पदार्थ आणि व्यसनावरच्या उपचारांची असते. पॉलिसीचा कागद काढून हे कलम वाचा. कॅशलेसच्या भरवशावर ॲडमिशन घेतली आणि दावा नाकारला गेला की बिल आणि बभ्रा दोन्ही एकदम अंगावर येतात.

---

कुटुंब_समुपदेशक_पुणे

वहिनींच्या फोनवर बहुतेक वेळ "त्यांना कसं सोडवायचं" यातच जातो. त्यांचं स्वतःचं काय चाललंय हे कुणी विचारत नाही. फोन घेणाऱ्याने तो प्रश्न आधी विचारावा: तुम्ही झोपता का, घरात मारहाण होते का, मुलं कुठे असतात. डॉक्टर उपचाराला तयार नसले तरी वहिनींचं समुपदेशन त्याच आठवड्यात सुरू होऊ शकतं. कुणासाठी थांबायची गरज नाही.

दंतवैद्याच्या घरात झाकाझाक फार सफाईने होते, कारण अपॉइंटमेंट वही घरच्यांच्याच हातात असते. "सरांना ताप आहे", "सर कॉन्फरन्सला गेलेत". रुग्ण परत पाठवणं योग्यच आहे, नशेत काम होऊ देता कामा नये. पण दुसऱ्या दिवशी त्यांना ते सांगायलाही हवं: काल चार अपॉइंटमेंट रद्द केल्या, कारण तुमचा हात थरथरत होता. भांडण नको, आकडा सांगा. सांगायची वेळ सकाळची, नशा उतरलेली असताना. प्यायलेल्या माणसाशी रात्री अकराला केलेला करार सकाळी त्याला आठवत नाही.

पैशाचं बघा. दवाखान्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगळं करा. खुर्चीचा, एक्स-रे मशीनचा हप्ता कुठल्या तारखेला जातो हे वहिनींना माहीत असावं. धमकी द्यायची ती पाळता येईल तेवढीच द्यावी. "माहेरी जाईन" दहा वेळा म्हणून न गेल्यावर अकराव्यांदा त्याला वजन राहत नाही. मुलांना वयाप्रमाणे खरं सांगा: बाबांना आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही, आणि बाबांनी घेतलेली असेल तेव्हा त्यांच्या गाडीत बसायचं नाही.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. "गाडी पाठवतो, रात्री उचलून नेतो" असं म्हणणाऱ्यांना नको म्हणा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे माणूस स्वतःहून दाखल होतो तेव्हा त्याला डिस्चार्ज मागता येतो. तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. त्याच्या इच्छेविरुद्ध ॲडमिशनसाठी ८९ वं कलम आहे. त्यात दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवसांपर्यंत. नुसती नातेवाइकांची सही पुरत नाही. केंद्राला विचारा: मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा, डॉक्टर रोज येतात की आठवड्याला, रात्री फिट आली तर कुठे नेता, घरच्यांशी फोनवर बोलू देता का, फी लेखी देता का. यातल्या एकालाही टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी "सहचरी" गट आहे. मुंबईच्या बाजूला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या परस्परमदत गटाच्या सभा बहुतेक मोठ्या शहरांत असतात, घरच्यांसाठी अल-ॲनॉन. तिथे पहिलं नावच सांगतात. गावात ओळख निघेल अशी भीती असेल तर शेजारच्या जिल्ह्यातल्या किंवा ऑनलाइन सभेला जा.

---

भूल_आणि_वायू

नायट्रसबद्दल थोडं, कारण ते फार उशिरा लक्षात येतं.

सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूप असतं. त्यामुळे गेजवरचा काटा शेवटचा थेंब संपेपर्यंत साधारण ७५० पीएसआयवरच राहतो. "काटा भरलेलाच आहे" यावरून वापर कळत नाही, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. ई आकाराच्या सिलिंडरमध्ये साधारण १५९० लिटर वायू, वजनात सुमारे २.९ किलो. मिनिटाला ४ लिटरने अर्धा तास दिला तर १२० लिटर, म्हणजे सुमारे २२० ग्रॅम. शनिवारी दवाखाना बंद करताना वजन लिहा, सोमवारी उघडताना लिहा. रविवारी रुग्ण नसताना अर्धा किलो कमी भरलं, तर एकतर जोडाला गळती आहे किंवा कुणीतरी वापरतंय. आधी साबणाच्या पाण्याने जोड तपासा, मग माणसाकडे वळा.

वारंवार घेतलेलं नायट्रस बी-१२ निकामी करतं. पायांना मुंग्या, मोजे घालून चालल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, मान पुढे वाकवली की पाठीतून वीज गेल्यासारखं होणं. शाकाहारी घरात बी-१२ आधीच कमी असतं, तिथे नुकसान लवकर होतं. आणि रक्तात बी-१२ ची पातळी नॉर्मल येऊनही आजार असू शकतो, म्हणून होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासायला सांगा. वायू पूर्ण बंद करणं आणि बी-१२ ची इंजेक्शनं दोन्ही लागतात. एक करून दुसरं टाळलं तर सुधारणा होत नाही. एकट्याने बंद खोलीत मास्क तोंडावर बांधून घेतला तर ऑक्सिजन कमी पडून तिथेच मृत्यू येतो. सेडेशन मशीनला किमान ऑक्सिजनचं कुलूप असतं. ते काढून किंवा थेट सिलिंडरवरून घेणं हे फार पुढे गेलेल्या व्यसनाचं लक्षण समजा.

बाकी औषधांसाठी दोन सह्यांची वही ठेवा: तारीख, औषध, बॅच, आलेलं, वापरलेलं, उरलेलं, डॉक्टर आणि मदतनीस. एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेले ट्रॅमाडॉलचे सॅम्पल याच वहीत चढवायचे, खिशात किंवा ड्रॉवरमध्ये ठेवायचे नाहीत. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या अँप्यूलमध्ये उरलेलं दोघांसमोर ओतून टाका. उपचार चालू असताना तर हा साठा दवाखान्यात नसावाच. दाढ काढल्यानंतरच्या दुखण्याला आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल एकत्र दिलं तर बहुतेक रुग्णांचं भागतं, ज्यांना आयबुप्रोफेन चालत नाही ते सोडून. ट्रॅमाडॉल ठेवलं नाही म्हणून दवाखाना अडत नाही.

---

परदेशी_नोंदणी

अमेरिकेत राज्य पातळीवर अशा योजना आहेत. इंग्लंडमध्ये एनएचएस प्रॅक्टिशनर हेल्थ ही सेवा डॉक्टर आणि दंतवैद्यांना मोफत आणि गोपनीय मिळते, स्वतःच नाव नोंदवता येतं. तिकडून घेण्यासारखी गोष्ट ही की स्वतःहून आलेला आणि परवाना मंडळाने पाठवलेला असे दोन रस्ते वेगळे ठेवलेले असतात. स्वतःहून आलेला जोवर करार पाळतो आणि रुग्णांना धोका नाही, तोवर सहसा नाव मंडळाकडे जात नाही. करार लेखी असतो, बहुधा पाच वर्षांचा. त्यात अचानक बोलावून लघवी तपासणी, कामाच्या जागी लक्ष ठेवणारा एक सहकारी आणि ठरलेल्या सभा येतात.

याचा उपयोग होतो का, तर २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १६ राज्यांच्या योजनांमधल्या ९०४ फिजिशियनांचा पाच वर्षं पाठपुरावा केला होता. ज्यांचं पुढे काय झालं ते कळलं अशा ८०२ पैकी ६३१ जण, म्हणजे सुमारे ७९ टक्के, परवाना टिकवून कामावर होते. ते दंतवैद्य नव्हते, पण परवाना, औषधं हाताशी असणं आणि लाज हे तिन्ही सारखंच आहे.

तपासणीत एक अडचण दंतवैद्यांची खास आहे. इटीजी ही दारू घेतल्याचं शोधणारी लघवीची तपासणी फार संवेदनशील असते. दिवसभर अल्कोहोलचा सॅनिटायझर चोळणं आणि अल्कोहोलवाला माउथवॉश वापरणं यानेही ती कधी पॉझिटिव्ह येते. करारात असलेल्याने अल्कोहोलविरहित माउथवॉश आणि साबण-पाणी वापरावं. शंका आली तर रक्ताच्या पीईटीएच तपासणीने पडताळा घेतात, ती मागच्या दोन ते चार आठवड्यांचं पिणं दाखवते.

---

शाखा_कार्यवाह

सगळ्यांचे मनापासून आभार. एक गोष्ट राहिली, आणि बहुतेक जण तिथेच अडतात: "महिनाभर ॲडमिट झालो तर माझ्या रुग्णांचं काय? अर्धे आरसीटी (रूट कॅनाल) झालेले आहेत." यावर कुणी लिहील का?

---

एंडो_खुर्ची

ही सबब म्हणून सांगितली जाते, पण अडचण खरीच आहे. एका दुपारी सुटू शकते. अपॉइंटमेंट वही आणि केस पेपर घेऊन तीन गठ्ठे करा: आठवड्यात बघावेच लागणारे, महिना थांबू शकणारे, आणि अजून सुरूच न केलेले. तिसऱ्या गठ्ठ्याला फोन करून पुढची तारीख.

आठवड्यातले म्हणजे टाके काढायचे, सूज किंवा पू असलेले, इम्प्लांट नुकतंच बसवलेले. हे लगेच दुसऱ्या नोंदणीकृत दंतवैद्याकडे. मदतनिसाने "फक्त ड्रेसिंग बदललं" असंही होऊ देऊ नये.

अर्ध्या आरसीटीत कॅनाल साफ करून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरलेलं असेल तर महिना निघतो, अट वरच्या सीलची. नुसत्या कॅव्हिटला (तात्पुरत्या भरणीला) किमान साडेतीन मिलिमीटर जाडी लागते, आणि तरी ते दोन-तीन आठवड्यांत झिजून गळायला लागतं. म्हणून त्यावर ग्लास आयनोमर सिमेंटचा थर द्यावा, उंच लागत असेल तर चावा कमी करावा. सील गळलं की कॅनाल परत दूषित होतो आणि केलेलं सगळं काम वाया जातं. कॅनाल अजून पूर्ण साफच झाले नसतील तर तो रुग्ण पहिल्या गठ्ठ्यात. तारा लावलेले रुग्ण चार ते सहा आठवडे थांबू शकतात, पण तार टोचली तर कुठे जायचं तो पत्ता त्यांना हवा. तात्पुरते क्राउन बसवलेल्यांना "निघाला तर लगेच या, दात सरकतो" एवढं सांगावं.

हे काम करणारे डॉक्टर शाखेने आधीच ठरवून ठेवावेत, दोन पुरेत. त्यांना फक्त केस पेपर, एक्स-रे आणि किती फी घेतली, किती बाकी आहे एवढंच द्यायचं. कारण "वैद्यकीय रजा". रुग्णालाही तेवढंच सांगायचं, ते खरंच आहे. घेतलेली आगाऊ फी आणि उरलेलं काम यांचा हिशेब दोघा डॉक्टरांनी आधी कागदावर मिटवावा. रुग्ण दोनदा पैसे भरायला लागला की तक्रार होते, आणि तक्रारीतून चौकशी.

परत आल्यावर पहिल्या दिवशी दोन रुग्ण, तेही फिलिंग-स्केलिंगचे. आठच्या आठ अपॉइंटमेंट लावू नका. संध्याकाळी साडेसातनंतरची वेळ सुरुवातीचे काही महिने बंद ठेवा आणि दवाखान्याची किल्ली मदतनिसाकडे द्या, म्हणजे डॉक्टर एकटे मागे राहत नाहीत.